परगावच्या मास्तरांनी आधी गाव पायाखाली घालावं

हातकणंगले, करवीर, शिरोळ या तालुक्यांतून परदेशी शिकवायला निघणाऱ्या तरुण शिक्षकांना कागदपत्रांचं मार्गदर्शन भरपूर मिळतं. पदवीचं साक्षांकन कुठून करायचं, पोलीस पडताळणीचा दाखला कसा काढायचा, मुलाखतीत नमुना पाठ कसा घ्यायचा, हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. पण शाळेने दिलेल्या खोलीत बॅगा टाकल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत करायचं काय, दूध कुठून आणायचं, केस कुठे कापायचे, सुट्टीच्या दिवशी पाय कुठे वळवायचे, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ते ज्याचं त्याला आपोआप कळेल असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असं की ते आपोआप कळत नाही, आणि न कळल्याची किंमत वर्गात मोजावी लागते. परक्या गावात शिकवणाऱ्याने रोजच्या कामांच्या निमित्ताने गाव पायी हिंडणं हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे. पाठ टाचण काढायला आपण जशी वेळ राखून ठेवतो, तशीच या हिंडण्यालाही राखून ठेवली पाहिजे. ती कशी राखायची आणि हिंडायचं कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

याचा पहिला धडा गिरवायला विमानात बसण्याची गरज नाही. शिरोली एमआयडीसीत सांगली फाट्यावर सकाळी पाळी बदलताना अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे. पंचगंगेच्या पुलावरून ज्याचं नाव पडलं ते पुलाची शिरोली हे जुनं गाव, आणि त्याला लागून पुणे-बंगळूर महामार्गावर पसरलेले ओतकामाचे कारखाने. रात्रपाळीची माणसं भट्टीच्या धगीतून आणि मोल्डिंगच्या वाळूतून बाहेर पडतात, दिवसपाळीची आत जातात, आणि मधल्या वेळात चहाच्या गाड्यावर चार भाषा एका किटलीभोवती जमतात. मराठी आणि कानडी इथल्याच मातीतल्या; भोजपुरी आणि ओडिया बोलणारे हजाराहून जास्त किलोमीटर ओलांडून आलेले. त्यांना परमुलखात राहावं कसं हे कोणी शिकवलेलं नसतं, तरी त्यांचा एक क्रम ठरलेला असतो आणि तो नीट बघण्यासारखा आहे. नवा पोरगा गावाकडच्या ओळखीच्या माणसाच्या खोलीवर उतरतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा रस्ता पायी बघून येतो. मग किराण्याचं एक दुकान ठरतं, तिथे महिनाअखेरीला उधारी चालेल इतपत तोंडओळख होते. मग रिचार्जचं आणि घरी पैसे पाठवायचं दुकान, मग न्हावी, मग कमी फीचा डॉक्टर. फाट्यावरून हलायचं तर बहुतेकदा वडापनेच, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीप-रिक्षांनीच, जावं लागतं, त्यामुळे ‘वडाप’ हा शब्द त्याच्या तोंडात ‘नमस्कार’च्या आधी बसतो. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, रंकाळा, अंबाबाईचं देऊळ हे सगळं नंतर, हातात पहिला पगार पडल्यावर.

रंकाळा आधी आणि किराणा मागून, असं त्याच्या बाबतीत होत नाही. परदेशी जाणाऱ्या आपल्या शिक्षकांच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा असंच होतं. पहिल्या आठवड्यात गावातल्या सर्वांत उंच इमारतीपुढे उभं राहून फोटो काढला जातो, तो घरच्या ग्रुपवर जातो, आणि त्यानंतर वर्षभर शाळेची बस, शाळा, शाळेची बस आणि खोली एवढाच फेरा. मॉलमध्ये महिन्याचा किराणा एकदम भरला की कोणाशी बोलायची वेळच येत नाही. पाहण्यासारखं सगळं पाहून झालेलं असतं, आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं दुकान किती वाजता बंद होतं हे मात्र ठाऊक नसतं. फाट्यावरच्या पोराचं गाव त्याच्या गरजांच्या वाटेने वाढत जातं. या शिक्षकाचं गाव फोटोतच थांबतं.

हिंडण्याने शिकवण्यात काय फरक पडतो, हे दाखवणारं ठळक उदाहरण आपल्याजवळच्या सातारा जिल्ह्यात आहे. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आल्या आणि १९६६ मध्ये फलटणला पोचल्या. त्यांचा अभ्यासविषय होता खुद्द फलटणची बोली; एकाच गावात निरनिराळ्या थरांतली माणसं मराठी कशी वेगवेगळी बोलतात, हा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा प्रबंध १९७३ चा. असा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही. त्यासाठी पेठापेठांतून, वस्त्यांतून, उंबऱ्याउंबऱ्यावर जावं लागतं आणि तासन् तास नुसतं ऐकावं लागतं. या ऐकण्यातूनच पुढचं काम उभं राहिलं. शाळा सोडलेल्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग घेतले, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली, आणि लहान मुलांना वाचायला शिकवताना त्यांच्या बोलीतल्या शब्दांपासून सुरुवात करायची, हा आग्रह तिथे धरला गेला. भारताचं नागरिकत्वही त्यांनी घेतलं. त्यांच्या शिक्षणकामाचं मोठेपण सगळे सांगतात. मला त्याआधीची ती गल्लीबोळांतली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. वर्गात कोणता शब्द मुलाच्या घरचा आणि कोणता फक्त पुस्तकातला, हे त्यांना तिथेच कळलं असणार.

दिशा बदलली तरी हेच दिसतं. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात १८८४ ते १८८६ या काळात शिकता शिकता संस्कृत शिकवलं. परदेशात शिकवणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घ्यावं लागेल. तिथून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं. नावातला ‘लोकस्थिती’ हा शब्द ‘प्रवासवृत्त’च्या आधी येतो, तिकडे लक्ष द्या. प्रेक्षणीय स्थळांपेक्षा तिथली घरं कशी चालतात, बायका काय शिकतात, काय कमावतात, संस्था कशा उभ्या राहतात, हे त्यांनी मन लावून पाहिलं. फ्रोबेलची बालोद्यान पद्धत त्यांनी तिथेच समजून घेतली आणि परत आल्यावर आपल्या शारदा सदन या शाळेच्या कामात तिचा उपयोग केला. कोल्हापूरला तर परक्या शिक्षकाचं एक जवळचं उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराज धारवाडला शिकत होते तेव्हा त्यांचे शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर त्यांना देशभरच्या दौऱ्यांवर घेऊन गेले. राजाचं शिक्षण चार भिंतींत पुरं होणार नाही, एवढं त्या परक्या मास्तरांना उमगलं होतं.

आता आजच्या वर्गात या. आखातातल्या भारतीय शाळांत आपले बरेच शिक्षक जातात, आणि इथेच पहिला आक्षेप येतो: मुलं भारतीय, पुस्तकं भारतीय, अभ्यासक्रम सीबीएसईचा, मग गाव कळून करायचंय काय? पण त्या मुलांतली कित्येक तिथेच जन्मलेली असतात. शारजातल्या बारामजली इमारतीचा जिना हे त्यांचं अंगण. पुस्तक सांगतं की जूनमध्ये पाऊस येतो, पेरणी होते. त्यांच्या जूनमध्ये बाहेर पाऊल टाकवत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला उन्हाळी सुट्टी असते. शिरोलीहून गेलेला शिक्षक ‘पहिल्या पावसाचा वास’ असं म्हणतो तेव्हा अर्ध्या वर्गाला तो वास सुट्टीत आजोळी गेल्यावर एखादवेळी आलेला असतो, उरलेल्या अर्ध्याला आलेलाच नसतो. त्या वर्गात परकी मुलं नाहीत, परका शिक्षक आहे, आणि हे पहिल्या दिवशी मान्य केलं की पुढचं सोपं जातं. मालदीवमध्ये गणित शिकवायला गेलेल्याचा विचार करा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, प्रत्येकीत अमुक टन ऊस, तर साखर कारखान्यापर्यंत किती खेपा, हे उदाहरण आपल्या पोरांना डोळे मिटून दिसतं. मालेतल्या पोराने ट्रॉली पाहिलेली नाही, ऊस कापलेला नाही, आणि दोन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या त्याच्या बेटावर ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. त्याला विलिमाले बेटाला जाणारी बोट माहीत आहे, बोटीत किती माणसं बसतात माहीत आहे, धक्क्यावर टुना मासा कसा विकला जातो तेही माहीत आहे. खेपांचं तेच उदाहरण बोटीवर बेतलं तर भागाकार शिकवायला दहा मिनिटं कमी लागतात. पण बोटीवर बेतायचं तर शिक्षक आधी त्या बोटीत बसलेला हवा.

तर हिंडायचं कसं? पहिल्या आठवड्यात खोलीपासून अर्ध्या तासाच्या चालीपलीकडे जाऊ नका. तोच रस्ता तीन वेगवेगळ्या वेळी चाला: पहाटे, शाळा सुटल्यावर आणि रात्री जेवणानंतर. पहाटे कोण रस्ता झाडतंय, संध्याकाळी पोरं कुठे खेळतात, रात्री कोणत्या गल्लीतला दिवा बंद असतो, हे एका फेरीत कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला दुकानदार मान हलवायला लागतो. तिथून तुमची ओळख सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात एकेका गोष्टीसाठी एकेक दुकान ठरवा आणि ते शक्यतो असं ठरवा की तिथे तोंड उघडावं लागेल: बेकरी, मासळीवाला, शिंपी, चांभार. न्हाव्याला मी यात सर्वांत वर ठेवतो. वीस मिनिटं तुम्ही त्याच्या खुर्चीतून उठू शकत नाही आणि तोही जागा सोडू शकत नाही. परकी भाषा तोडकीमोडकी बोलायला याहून मोकळी जागा गावात नसेल. शिक्षिकांसाठी हेच काम शिंप्याचं दुकान किंवा ब्यूटी पार्लर करतं. तिसऱ्या आठवड्यात घराजवळून सुटणारी कोणतीही बस घ्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जा. उतरा, चहा-कॉफी घ्या, त्याच बसने परत या. कोणत्या थांब्यावर कोण चढतं, कोण उतरतं, गणवेश कुठे दिसतात, डबे कुठे दिसतात, यावरून गावाची रचना नकाशापेक्षा लवकर कळते. चौथ्या आठवड्यात तुमचे विद्यार्थी राहतात त्या वस्त्यांमधून चालत जा. मात्र कोणाच्या दारावर थाप मारू नका. विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचे, त्याच्याशी शाळेबाहेर बोलण्याचे नियम अनेक देशांत कडक आहेत. शाळेची लेखी परवानगी नसेल तर रस्त्यावरूनच पाहा. मूल कोणता चढ चढून शाळेत येतं, वाटेत त्याला काय दिसतं, एवढं कळलं तरी फळ्यावरची उदाहरणं बदलतात.

खिशात मावेल अशी एक वही ठेवा. डाव्या पानावर पाट्यांवरचे आणि कानावर पडलेले शब्द, उजव्या पानावर भाव. पहिले शब्द ठरवून घ्या: एक ते वीस आकडे, डावीकडे, उजवीकडे, केवढ्याला, थांबा, पाणी, औषध, उद्या, माफ करा, उपकार झाले. व्याकरण मागून येईल. त्याबरोबर गावात पत्ता सांगायची रीत काय आहे, हे समजून घ्या, कारण ती प्रत्येक गावाची निराळी असते. आपल्या कोल्हापुरात तालीम आणि चौक सांगितल्याशिवाय घर सापडत नाही. मालेत घरांना नावं असतात आणि ती पत्त्यात लागतात. जपानात बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, घरांच्या गठ्ठ्यांना क्रमांक असतात. पत्ता विचारता येणं आणि सांगितलेला पत्ता समजणं जमलं, की निम्मी भीती जाते. आणि तुम्ही कुठले, हे एका वाक्यात सांगायची तयारी करा. ‘कोल्हापूर’ म्हटल्यावर समोरचा गप्प होतो. ‘मुंबईच्या दक्षिणेला, चामड्याच्या चपला आणि कुस्तीसाठी प्रसिद्ध गाव’ असं म्हटलं आणि पायातली चप्पल दाखवली, की तो पुढचा प्रश्न विचारतो.

काही गोष्टी मात्र चालून कळत नाहीत, आधी माहीत असाव्या लागतात. आठवड्याची सुट्टी ही पहिली. संयुक्त अरब अमिरातीत (शारजा वगळता) १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, असा बदल झाला. ओमान, कतार, कुवेत, सौदी अरेबिया आणि मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार. म्हणजे मस्कतला गेलात तर रविवारी घरचे निवांत असताना तुमचे तास चालू असणार. फोनची वेळ त्या बेताने ठरवा. रमझानच्या महिन्यात आखाती देशांत दिवसा चारचौघांत खाणंपिणं टाळा. उन्हाचं म्हणाल तर अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. मजुराला जिथे कायदा सावलीत बसवतो तिथे आपण हौसेने चालायला जाऊ नये. त्या महिन्यांत सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतरच हिंडा. तिथे परवानगीवाचून दुसऱ्याचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो, आणि मुलांचे फोटो तर कुठल्याच देशात न विचारता काढू नयेत. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, तेव्हा भाजी शनिवारी आणून ठेवा. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, ती बाटली परत केल्यावर मिळते.

यातलीच एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती खास आपल्या घरांना लागू आहे. आई डब्यात कांदा-लसूण चटणी भरून देते. घरोघरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते. अनारशावर असते, दिवाळीच्या करंजीतही असते. ही खसखस अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर या देशांत अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते आणि तिच्यापायी विमानतळावर अटक होऊ शकते. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात उघडी मिळणारी वस्तू तिथे तुरुंगात नेऊ शकते, हे आईला समजावून सांगा आणि त्या डब्यासाठी मसाला खसखशीशिवाय कांडून घ्या. मावा, गुटखा, पान तर सामानात नकोच. नेहमीची औषधं न्यायची असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा आणि त्यातलं कुठलं औषध तिथे बंदी असलेल्या यादीत नाही ना, हे त्या देशाच्या सरकारी यादीत आधी पाहून घ्या.

आता उरलेले आक्षेप. मोबाइलवर नकाशा आहे, मग पायपीट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. नकाशा वाट दाखवतो, हे खरंच आहे आणि तो वापरावाच. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक दिवसचे दिवस बंद राहिली, तेव्हा कुठे दूध आलंय, कुठला डॉक्टर उघडा आहे, कोणाच्या वरच्या मजल्यावर जागा आहे, हे कोणत्या नकाशात नव्हतं. ते माणसांना माहीत होतं, आणि ज्याची त्या माणसांशी ओळख होती त्यालाच ते कळलं. परदेशात पूर नसेल, पण वाळूचं वादळ असेल, बर्फ असेल, रेल्वेचा संप असेल, रात्री दोनला पोटात दुखायला लागेल. तुमचं दार वाजवणारा किंवा तुम्ही ज्याचं दार वाजवाल असा शेजारी तेव्हा लागतो, आणि तो आधीच्या तीन महिन्यांतल्या हिंडण्यातून मिळालेला असतो.

दुसरं म्हणणं मराठी मंडळांचं. तिथे आपली माणसं आहेत, गणपती आहेत, दिवाळी पहाट आहे, मग परक्यांत कशाला मिसळायचं? मंडळात जरूर जा. आजारपणात पहिला फोन आपल्या माणसालाच जातो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मंडळातली माणसं पंधरा-वीस वर्षांची मुरलेली असतात, त्यांच्याकडे गाड्या असतात, त्यांचं गाव मोटारीच्या काचेतून दिसणारं असतं. त्यांच्या गावात तुम्ही पाहुणे राहाल. तुमच्या वर्गातली मुलं बसने येतात, जिन्यात खेळतात. त्यांचं गाव तुम्हाला चालूनच सापडेल.

तिसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा, आणि तो मी हलका मानत नाही. घरचं कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, बापाचं आजारपण असतं. दोन वर्षांत चार पैसे गाठीला बांधायचे म्हणूनच माणूस एवढ्या लांब जातो. वह्यांचे गठ्ठे तपासून संध्याकाळी जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण मी सांगतोय ते हिंडणं फारसा वेगळा वेळ मागत नाही. दूध आणायचंच आहे, केस कापायचेच आहेत, बूट शिवायचाच आहे. ती कामं एकाच मॉलमध्ये उरकण्याऐवजी चार ठिकाणी चालत करायची, एवढाच बदल. आठवड्याला दोन तास पुष्कळ झाले. खर्चाचं म्हणाल तर शेवटच्या थांब्यापर्यंतच्या बसभाड्यापेक्षा टॅक्सीच्या दोन फेऱ्या महाग पडतात, आणि गावातला भाजीबाजार सापडला की महिन्याचा किराणाही उतरतो.

शिक्षिकांच्या बाबतीत घरच्यांची पहिली चिंता सुरक्षिततेची असते. ती रास्त आहे आणि तिला ‘काही होत नाही’ असं उत्तर देणं बेजबाबदारपणाचं आहे. पहिले पंधरा दिवस जुन्या सहकारी शिक्षिकेबरोबरच चाला. दिवसा, गजबजीच्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने चाला. नवी गल्ली धरायची ती उजेडात. वाटेतली दोन-तीन दुकानं अशी हेरून ठेवा की मागे कोणी येतंय असं वाटलं तर सरळ आत शिरता येईल: औषधाचं दुकान, बेकरी, बाईमाणूस गल्ल्यावर असलेलं कुठलंही दुकान. मदतीचे क्रमांक फोनमध्ये आणि डोक्यात दोन्हीकडे ठेवा. अमिरातीत पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८, जर्मनीत पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११२, ब्रिटनमध्ये ९९९. एवढं केल्यावर हेही मान्य करावं लागेल की काही गावांत, काही वेळी, बाईने एकटीने चालू नये, आणि तिथे हट्ट धरण्यात शहाणपण नाही. पण खोलीत कोंडून राहिल्याने सुरक्षितता वाढते, हे मला पटत नाही. ज्या बाईला रस्ता ठाऊक आहे आणि रस्त्यावरच्या चार दुकानदारांना जी ठाऊक आहे, तिची नड लवकर लक्षात येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड. करार दोन वर्षांचा, तिथलं नागरिकत्व कधी मिळणार नाही, मग दुसऱ्याच्या गावात एवढा जीव कशाला गुंतवायचा? याला माझं उत्तर मुलाच्या बाजूने आहे. तुमची दोन वर्षं करारातली आहेत. समोरच्या मुलाचं पाचवीचं वर्ष एकदाच येतं. त्या वर्षी त्याच्यापुढे उभा असलेला माणूस त्याच्या गावाबद्दल काही न जाणणारा असेल, तर त्याने त्या मुलाला नेमकं काय समजावून सांगायचं? शिरोलीत ओडिशाच्या कामगाराचं पोर मराठी शाळेत बसलं आणि त्याच्या मास्तरांना त्याच्या खोलीकडे जाणारी वाट माहीत नसेल, तर आपण त्या मास्तरांना बोल लावू. तोच न्याय आपल्या शिक्षकांना परदेशात लावला पाहिजे.

म्हणून निघण्याआधीच्या महिन्यात एक तालीम इथेच करून बघा. शिरोलीतल्या कारखान्यांच्या गल्ल्या, नागाव, टोप हा परिसर चार रविवार पायी हिंडा. अशा टपरीवर चहा घ्या जिथे तुमची भाषा बोलली जात नाही. खोलीवर राहणाऱ्या एखाद्या परप्रांतीय पोराला विचारा, पहिल्या महिन्यात त्याला काय अडलं, कोणी मदत केली, कोणता शब्द आधी शिकला. तो जे सांगेल ते वहीत लिहा, कारण दोन महिन्यांनी त्याच्या जागी तुम्ही असाल. आणि जे शिक्षक मस्कत, माले, दुबई, कुठूनही शिकवून परत आले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सुट्टीत गावी याल तेव्हा निघणाऱ्या एका तरी शिक्षकासोबत एक संध्याकाळ बसा. कागदावर तुमच्या खोलीपासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा, बेकरी कुठे, बसचा शेवटचा थांबा कुठे, कोणता औषधवाला हिंदी बोलतो, हे त्यावर लिहा, आणि तो कागद त्याच्या हातात द्या.